उत्तराचा पुरावा उताऱ्यातच : परिचारिकांची इंग्रजी आकलन-परीक्षा आणि तिचा सराव

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलींपैकी परिचर्येच्या क्षेत्रात गेलेल्यांची संख्या आता लक्षात यावी इतकी झाली आहे. कोणी बारावीनंतर जीएनएमचा अभ्यासक्रम पूर्ण केला, कोणी बीएस्सी नर्सिंगची पदवी घेतली. आज त्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापासून मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांपर्यंत सेवा बजावीत आहेत. त्यांपैकी काही जणी परदेशात नोकरी करण्याच्या तयारीत आहेत. रुग्णसेवेच्या कौशल्यात त्या कोठेही उण्या नाहीत. परंतु त्यांच्या वाटेवर इंग्रजीची एक परीक्षा उभी असते आणि तिच्यातील वाचन-आकलनाचा भाग अनेकींना अडवून धरतो. ही परीक्षा नेमकी कशी असते, मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाला ती का जड जाते आणि तिचा सराव कसा करावा, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकशास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु लिहिलेला मजकूर काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे पारखणे हा इतिहासाच्या अभ्यासाचा पायाच आहे, आणि ही परीक्षाही तेवढेच मागते.

इंग्रजी आणि रुग्णसेवा या दोन गोष्टी आपल्या परंपरेत फार पूर्वीच एकत्र आल्या आहेत. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह 1854 साली प्रसिद्ध झाला. त्यात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन त्यांनी केले आहे. त्याच सावित्रीबाई 1897 साली पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्या रोगाला बळी पडल्या. आपल्या मुली आज पांढरा गणवेश घालून इंग्रजीचे पुस्तक उघडतात, तेव्हा त्या नवखी वाट चालत नसतात, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

परीक्षेचे स्वरूप

या परीक्षेचे नाव ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजेच ओईटी. आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांची इंग्रजी तपासण्यासाठी ती 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात आकाराला आली. आज डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, औषधनिर्माते अशा 12 व्यवसायांसाठी ती घेतली जाते. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग आहेत. लेखन आणि संभाषण हे व्यवसायानुसार वेगळे असतात. श्रवण आणि वाचन मात्र सर्वांना सारखेच. म्हणजे वाचनाच्या प्रश्नपत्रिकेत परिचारिका आणि डॉक्टर एकाच रांगेत बसतात.

प्रत्येक भागाला 0 ते 500 असे गुणांकन असते. 350 पासून 'बी' श्रेणी सुरू होते. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल श्रवण, वाचन आणि संभाषण या तिन्हींत 350 आणि लेखनात 300 गुणांची अपेक्षा ठेवते. त्याखेरीज व्यावसायिक ज्ञानाची संगणकीय परीक्षा आणि प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. इंग्रजीचा अडथळा ओलांडता आला नाही तर अनेक वर्षांचा वॉर्डातील अनुभवही नोंदणीपर्यंत पोहोचवीत नाही. शिवाय प्रत्येक नव्या प्रयत्नाला शुल्क पुन्हा भरावे लागते. ज्या घरात पहिल्या प्रयत्नाचे पैसेच उसनवारीने उभे राहिलेले असतात, त्या घराला दुसरा आणि तिसरा प्रयत्न किती महाग पडतो, हे वेगळे सांगायला नको.

वाचनाची प्रश्नपत्रिका 60 मिनिटांची असून तिच्यात 42 प्रश्न असतात. तिचे तीन भाग पडतात.

पहिल्या भागात एकाच आजाराविषयी किंवा उपचाराविषयी चार लहान मजकूर दिलेले असतात. एखादा औषधमात्रेचा तक्ता, एखादी उपचारपद्धतीची सूचना, एखादे रुग्णमाहितीपत्रक असे त्यांचे स्वरूप असते. त्यांवर 20 प्रश्न येतात आणि वेळ मिळतो अवघी 15 मिनिटे. ही वेळ संपताच हा भाग काढून घेतला जातो. उरलेला प्रश्न नंतर सोडवीन म्हणण्याची सोय नाही.

दुसऱ्या भागात इस्पितळातील रोजच्या कागदपत्रांसारखे सहा छोटे उतारे असतात : नियमावलीतील एखादा परिच्छेद, कर्मचाऱ्यांसाठी काढलेले परिपत्रक, उपकरणाच्या पुस्तिकेतील सूचना. प्रत्येक उताऱ्यावर तीन पर्यायांचा एक प्रश्न.

तिसऱ्या भागात सुमारे 800 शब्दांचे दोन दीर्घ लेख असतात. प्रत्येकावर चार पर्यायांचे आठ प्रश्न. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांना मिळून 45 मिनिटे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

अनुभवाचा अडसर

अनुभवी परिचारिकेला वाचनात सर्वांत मोठा धोका कशाचा असेल, तर तो तिच्या स्वतःच्या ज्ञानाचा. हे विधान विचित्र वाटेल, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, एका परिपत्रकात असे वाक्य आहे : 'स्टाफ शुड नॉट रिमूव्ह द ड्रेसिंग अनलेस देअर आर साइन्स ऑफ इन्फेक्शन.' प्रश्न विचारला आहे की, हे परिपत्रक कर्मचाऱ्यांना काय सांगते? तीन पर्याय पुढीलप्रमाणे आहेत. पहिला : ड्रेसिंग नियमितपणे बदलावे. दुसरा : जंतुसंसर्गाची लक्षणे नसतील तर ड्रेसिंगला हात लावू नये. तिसरा : जंतुसंसर्ग दिसल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

वॉर्डात काम केलेली मुलगी चटकन तिसऱ्या पर्यायावर खूण करते. कारण ती रोज तसेच करते, आणि तसे करणे योग्यही आहे. परंतु परिपत्रकात डॉक्टरांचा उल्लेखच नाही. वाक्य फक्त ड्रेसिंग काढण्याविषयी आहे, आणि उत्तर दुसरा पर्याय हेच आहे. येथे मुलीला इंग्रजी आले नाही असे झालेले नाही. तिने कागदाला विचारायचा प्रश्न आपल्या अनुभवाला विचारला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनचिकित्सा शिकवताना आम्ही तीन प्रश्न वेगवेगळे ठेवायला सांगतो. हे साधन स्वतः काय म्हणते? त्यावरून काय निष्पन्न होते? आणि या विषयावर आपल्याला इतर ठिकाणांहून काय ठाऊक आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात मिसळले की इतिहास बिघडतो. आकलनाच्या परीक्षेत तर तिसऱ्या प्रश्नाला जागाच नाही. म्हणून सरावाचा पहिला आणि मुख्य नियम असा : उत्तर निवडण्यापूर्वी त्याचा पुरावा असलेल्या शब्दांखाली बोट ठेवता आले पाहिजे. बोट ठेवायला जागा सापडत नसेल, तर ते उत्तर कितीही खरे वाटो, ते उताऱ्याचे नव्हे.

मराठी वाचकाची खरी अडचण

आपल्या मुलींना वाटते की आपला शब्दसंग्रह तोकडा आहे. वास्तविक आरोग्यक्षेत्रातील कठीण शब्द त्यांना पाठ असतात. त्यांच्या अभ्यासक्रमाची पुस्तकेच इंग्रजीत असतात. अडचण असते ती वाक्याच्या रचनेची. मराठीत विशेषण, विशेषणवाक्य, सारे वर्णन बहुधा नामाच्या आधी येते आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीत लांब वर्णन नामाच्या मागून येते आणि क्रियापद मध्येच कोठेतरी दडते. 'द नर्स हू ॲडमिटेड द पेशंट ट्रान्सफर्ड फ्रॉम द सर्जिकल वॉर्ड रिपोर्टेड द एरर' हे वाक्य पाहा. शब्द सगळे ओळखीचे आहेत. तरीही चूक कोणी कळवली आणि वॉर्डातून कोणाला हलवले, येथे वाचक घोटाळतो. मराठीत आपण म्हणू, 'सर्जिकल वॉर्डातून हलवलेल्या रुग्णाला ज्या परिचारिकेने दाखल करून घेतले, तिने चूक कळवली.' क्रम जवळपास उलटा झाला.

शब्दाला शब्द ठेवून मनात मराठी करीत गेल्यास अशा वाक्यात वेळही जातो आणि अर्थही निसटतो. यावर उपाय एकच. लांब वाक्य आले की प्रथम मुख्य क्रियापद शोधावे. मग त्या क्रियापदाचा कर्ता कोण, हे विचारावे. वरच्या वाक्यात 'रिपोर्टेड' हे मुख्य क्रियापद आणि 'द नर्स' हा कर्ता. एवढे हाती आले की उरलेले शब्द कोणाचे वर्णन करतात, ते आपोआप जागी बसते. दररोज अशी पाच वाक्ये सोडवली, तर दोन महिन्यांत डोळ्यांना ती सवय लागते.

दुसरी अडचण लहान शब्दांची. 'मस्ट' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे अपेक्षा, 'मे' म्हणजे मुभा किंवा शक्यता. 'अनलेस', 'अंटिल', 'एक्सेप्ट', 'ओन्ली इफ' हे शब्द साऱ्या सूचनेची दिशा फिरवतात. प्रश्नातील चुकीचे पर्याय बहुधा याच शब्दांच्या आधाराने रचलेले असतात : उताऱ्यात 'मे' असते आणि पर्यायात 'मस्ट' येते, उताऱ्यात 'समटाइम्स' असते आणि पर्यायात 'ऑलवेज'. वाचताना या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करण्याची सवय लावावी.

तीन भाग, तीन प्रकारचे वाचन

पहिल्या भागातील मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचायचा नसतो. 15 मिनिटांत 20 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. पहिल्या मिनिटात केवळ चारही मजकुरांची शीर्षके आणि रचना पाहावी : तक्ता कोठे आहे, मात्रा कोठे दिली आहे, लक्षणे कोठे आहेत. रेल्वेचे वेळापत्रक आपण वाचत नाही, त्यात आपली गाडी शोधतो; येथेही तसेच शोधायचे असते. काही प्रश्नांत 'ही माहिती कोणत्या मजकुरात आहे' एवढेच विचारलेले असते, तर काहींत रिकामी जागा भरायची असते. रिकामी जागा भरताना शब्द मजकुरातून जसाच्या तसा उचलावा. स्पेलिंग चुकले तर गुण जातो. एकवचन-अनेकवचन बदलले तर उत्तर बिघडते. एकक तर विशेष जपावे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे. वॉर्डात जी चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, ती परीक्षेत निदान गुणावर तरी बेततेच.

दुसऱ्या भागातील सहा उताऱ्यांना प्रत्येकी दोन मिनिटे द्यावीत. आधी प्रश्न वाचावा, मग उतारा, मग पर्याय. हा कागद कोणी, कोणासाठी आणि कशासाठी काढला, हे आधी ठरवावे. परिपत्रकाचा हेतू नवी पद्धत सांगण्याचा आहे, की जुन्या पद्धतीची आठवण करून देण्याचा, यावरच पुष्कळदा उत्तर अवलंबून असते.

अशा रीतीने 12 मिनिटे गेली, की तिसऱ्या भागासाठी 33 मिनिटे उरतात. म्हणजे प्रत्येक लेखाला सोळा-साडेसोळा. हा भाग सर्वांत कठीण, कारण येथे लेखकाचे मत ओळखायचे असते. लेखात दोन-तीन तज्ज्ञांची मते उद्धृत केलेली असतात. त्यांतील एकाचे मत लेखकाचे मत म्हणून पर्यायात मांडलेले असते, आणि घाईने वाचणारा तेथे फसतो. प्रत्येक विधानाशेजारी 'हे कोण म्हणते' असे विचारावे. 'हाउएव्हर' नंतर काय येते, 'सो-कॉल्ड' किंवा 'मियरली' असे शब्द कोणाविषयी येतात, त्यावरून लेखकाचा कल कळतो. 'धिस' किंवा 'इट' हे सर्वनाम कोणासाठी आले आहे, असाही प्रश्न असतो. त्याचे उत्तर बहुधा लगतच्या मागच्या वाक्यात सापडते.

अशा वाचनाचा उत्तम नमुना आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. त्यात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या घेतल्या आहेत. आधी प्रत्येकाची व्याख्या त्याच्याच शब्दांत पुढे ठेवली, आणि मग तिच्यात काय आहे व काय निसटले आहे, ते तपासले. सहभोजनाच्या बंदीवर भर देणाऱ्या नेसफिल्डने परिणामालाच कारण मानले, हे त्यांनी दाखवले. केतकरांनी जातीचा विचार एकूण व्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे श्रेय त्यांना दिले. मात्र केतकर ज्यांना दोन लक्षणे म्हणतात, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असेही नोंदवले. दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण समजून घेतल्यावाचून त्यावर मत द्यायचे नाही, ही शिस्त त्या निबंधात पानोपानी दिसते. परीक्षेच्या तिसऱ्या भागाला याच शिस्तीचा पहिला अर्धा भाग हवा असतो.

सराव कसा करावा

सरावासाठी महागडे साहित्य लागतेच असे नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने नमुना प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. त्या जपून वापराव्यात आणि निम्म्या तरी शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवाव्यात. रोजच्या वाचनाला औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेले माहितीपत्रक पुरते. मात्रा, दुष्परिणाम, कोणी घेऊ नये, हे सारे त्यात परीक्षेच्याच भाषेत असते. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांवरील माहितीपत्रके आणि इंग्रजी वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक लेख तिसऱ्या भागासाठी उपयोगी पडतात.

पहिला महिना घड्याळ न लावता वाचावे. प्रत्येक उत्तरासमोर पुराव्याचे वाक्य लिहावे. या काळात फोनवरील भाषांतराचा आधार घेऊ नये. तो अर्थ सांगतो, पण अर्थ काढण्याची सवय मोडतो. अनोळखी शब्द आला तर आधी मागच्या-पुढच्या वाक्यांवरून अंदाज बांधावा आणि वाचन संपल्यावरच शब्दकोश उघडावा. दुसऱ्या महिन्यापासून घड्याळ लावावे, तेही भागाभागाने. पूर्ण 60 मिनिटांची प्रश्नपत्रिका आठवड्यातून एकदा पुरे. रात्रपाळी करून आल्यावर अर्धवट झोपेत तीन प्रश्नपत्रिका सोडवण्यापेक्षा जाग्या मनाने चाळीस मिनिटे बसणे अधिक फलदायी असते.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे चुकांची वही. तिच्यात पाच रकाने आखावेत : प्रश्न, आपण दिलेले उत्तर, योग्य उत्तर, पुराव्याचे वाक्य आणि चुकीचे कारण. कारणे ढोबळमानाने पाचच असतात. शब्द कळला नाही. वाक्यरचना कळली नाही. योग्य जागा सापडली नाही. स्वतःच्या माहितीवरून उत्तर दिले. वेळ पुरला नाही. आठ-दहा प्रश्नपत्रिकांनंतर शेवटचा रकाना मोजून पाहावा. जेथे चुका अधिक, तेथेच पुढचा महिना घालवावा. वही न ठेवता पन्नास प्रश्नपत्रिका सोडवणारी विद्यार्थिनी तीच चूक पन्नास वेळा पक्की करीत असते.

पालक आणि माजी विद्यार्थी काय करू शकतील

पालकांना आमचे सांगणे दोन गोष्टींपुरते आहे. मुलगी सुट्टीच्या दिवशी दाराआड एक तास वाचीत बसली, तर तो तास तिचा राहू द्या. पाहुण्यांच्या चहासाठी तिला उठवू नका. आणि ठरावीक रकमेत उत्तीर्ण करून देण्याची हमी देणारा कोणी भेटला, तर त्याच्या हाती एक रुपयाही देऊ नका. मार्गदर्शन विकत घेता येते, निकाल घेता येत नाही. गुणांची अट आणि शुल्क यांत बदल होत असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी ते त्या त्या संस्थेच्या अधिकृत माहितीतूनच पाहावेत.

शाळेलाही आपला वाटा उचलावा लागेल. वयाच्या पंचविशीत दोन महिन्यांत जी सवय लावावी लागते, ती आठवीपासून लागली तर परीक्षा वेगळी वाटणार नाही. धड्यावरील प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने सांगितले, की लगेच 'कोणत्या ओळीवरून?' असे विचारावे. एवढा एक प्रश्न इंग्रजीच्या, मराठीच्या आणि इतिहासाच्याही तासाला विचारला जावा. पुढे तो परिचारिका होवो, शिक्षक होवो वा शेती करो. बँकेचा करार, सातबारा किंवा सरकारी आदेश हाती येईल, तेव्हा हाच प्रश्न त्याच्या कामी येईल.

ज्या माजी विद्यार्थिनी ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या आहेत, त्यांना एक विनंती. आपल्या यशाचे छायाचित्र शाळेला जरूर पाठवा. पण त्यासोबत आपली चुकांची वही पाठवली, तर आम्हांला अधिक आनंद होईल. त्या वह्यांसाठी वाचनालयात कपाटाचा एक कप्पा रिकामा ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे.